बुटांचं माप, वह्यांचं वजन

गरीब, आडवळणाच्या वस्तीतल्या शाळेसाठी बूट, वह्या, दप्तरं जमवणं हा या कामातला सोपा भाग आहे. पैसे उभे राहतात, वस्तू मिळतात, गाडीचीही सोय होते. फसतं ते यादीत. यादी घरी बसून केली की वाटपाच्या दिवशी साठ जोड समोर असतात आणि त्यातले वीसेक कुणाच्याच पायात जात नाहीत. म्हणून आम्ही काम सुरू करतो ते वस्तू द्यायच्या तीन-चार महिने आधी, आणि पहिल्या खेपेला रिकाम्या हाताने जातो. सोबत फक्त वही, मोजपट्टी, जाड कागद आणि पेन्सिली.

पहिल्या खेपेला "तुम्हाला काय हवं?" असं विचारू नये. मुलं खेळणी सांगतात, मोठी माणसं "तुम्ही द्याल ते चालेल" म्हणतात आणि शिक्षक संगणक मागतात. तिघांचंही चूक नाही, पण यादी त्यातून होत नाही. त्यापेक्षा वर्गाबाहेर काढून ठेवलेल्या चपलांची रांग बघावी. किती मुलं आत आहेत आणि बाहेर किती जोड आहेत, अंगठा तुटून तारेने बांधलेल्या किती, दोन वेगवेगळ्या जोडांतल्या किती, टाच बाहेर आल्याने मागची कड चेपलेल्या किती. दहा मिनिटांत बुटांचा प्रश्न समजतो. दोन-चार दप्तरं परवानगीने उघडून बघावीत. आणि प्रश्न विचारायचाच तर असा: मागच्या महिन्यात काय तुटलं, काय संपलं? याला मात्र नेमकी उत्तरं येतात. पेन्सिल संपली, चेन गेली, बाटलीचं झाकण हरवलं.

मग आकडा. पटावरचा आकडा आणि वर्गातला आकडा कधीच एक नसतो. काही मुलं आई-बापाबरोबर कामाला बाहेरगावी गेलेली असतात आणि वाटपापर्यंत परत येतात. काही नाव न घातलेली, धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन दाराशी उभी राहतात. शाळा सोडलेली असतात, ती तर यादीत नसतातच, आणि बूट बहुधा त्यांनाच सगळ्यात जास्त लागतात. आम्ही तीन रकाने करतो: पटावर आणि हजर, पटावर पण गैरहजर, पटावर नाही पण वस्तीत आहे. तिसरा रकाना भरायला शिक्षक पुरत नाहीत, घरोघरी फिरावं लागतं. शेजारच्या पाच-दहा घरांच्या वस्तीतली मुलं याच शाळेत येतात का, हेही तेव्हाच विचारून घ्यावं. नाहीतर एका वस्तीला मिळालं आणि दुसरीला नाही, ही तेढ आपण लावून येतो.

बुटांचं माप वयावरून घेता येत नाही, इयत्तेवरून तर नाहीच. पाऊल कागदावर काढावं लागतं. कागद कडक जमिनीवर भिंतीला टेकवून ठेवायचा, टाच भिंतीला लावायची, आणि मुलाने दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभं राहायचं. बसून घेतलेलं माप कमी येतं. पेन्सिल सरळ उभी धरायची. आत तिरपी झाली की माप घटतं, बाहेर झाली की वाढतं, आणि पाच मिलिमीटरचा फरक सहज पडतो. लांबी सर्वांत पुढे आलेल्या बोटापर्यंत मोजायची. ते दर वेळी अंगठाच असेल असं नाही, बऱ्याच मुलांचं दुसरं बोट पुढे असतं. दोन्ही पाय काढायचे आणि मोठा धरायचा. शक्यतो दुपारनंतर मापं घ्यावीत, कारण दिवसभर चालून पाय थोडा फुगतो. कागदावर नाव, इयत्ता, तारीख. तारीख विसरू नये, तिचं काम पुढे आहे.

या लांबीत १० ते १२ मिलिमीटर मोकळीक मिळवायची. शाळकरी वयात पाऊल वर्षाला साधारण एक सेंटीमीटरच्या आसपास वाढतं, म्हणजे माप घेणं आणि बूट मिळणं यांत चार महिने गेले तर तीनेक मिलिमीटर त्यातच खर्च होतात. म्हणून उशीर होणार असेल तर मोकळीक १५ धरावी. त्याहून जास्त नको. "वाढत्या अंगाचं, दोन नंबर मोठा घ्या" हा सल्ला हमखास मिळतो, आणि तो बूट चालताना टाचेतून निघतो, फोड आणतो आणि कोपऱ्यात पडतो.

नंबरांचा गोंधळ इथेच होतो. युरोपीय पद्धतीत एक नंबर म्हणजे दोन तृतीयांश सेंटीमीटर, ६.६७ मिलिमीटर. १९० मिलिमीटरच्या पावलाला १२ मिळवून २०२ झाले, भागिले ६.६७, म्हणजे ३०.३. इथे ३१ घ्यावा. इंग्लिश पद्धतीत नंबर एक तृतीयांश इंचाचा, ८.४७ मिलिमीटरचा असतो आणि मोजणी चार इंचांपासून सुरू होते. तेच पाऊल तिथे १२ नंबरचं होतं. पण इंग्लिश पद्धतीत मुलांचे नंबर १३पर्यंत जातात आणि पुढे पुन्हा १पासून मोठ्यांचे सुरू होतात. म्हणजे २ नंबर हा १२ नंबरपेक्षा मोठा! संगणकावर यादी नंबरवार लावली की हे दोन नंबर उलटे बसतात, आणि खोके भरणारा माणूस २ नंबरचे जोड बालवाडीच्या ढिगात टाकतो. आम्ही म्हणून यादीत नंबर लिहितच नाही, मिलिमीटर लिहितो, आणि बूट घेताना आतला सुकतळा बाहेर काढून पट्टीने मोजतो. दोन कारखान्यांचा एकच नंबर सारखा असेल याची खात्री कुणी देत नाही.

रुंदीही बघायची. लहानपणापासून अनवाणी चाललेल्या मुलांचे पंजे पुढे पसरट असतात. निमुळत्या टोकाचा बूट लांबीला बरोबर येऊनही करंगळी दाबतो. पुढून गोल, पट्ट्याचा, बक्कल असलेला सँडल किंवा बूट सर्वांत चालतो. चिकटपट्टी चिखलाने आणि गवताच्या कुसळांनी भरते आणि दोन-तीन महिन्यांत धरेनाशी होते. नाडीचा बूट लहान वर्गांना देऊ नये. तळवा नुसता चिकटवलेला नको, कडेने शिवलेला हवा. बूट दोन्ही हातांनी धरून वाकवून बघावा: पुढच्या एक तृतीयांशात वाकायला हवा, मधोमध नव्हे. जिथे वाटेत ओढे उतरून जावं लागतं तिथे कापडी बूट दिवसभर ओले राहतात, तिथे सँडलच बरे.

जुने किंवा गोदामात बरीच वर्षं पडलेले बूट कुणी फुकट देऊ केले तर तळवा अंगठ्याने दाबून बघा. पॉलियुरेथेनचा तळवा न वापरताही हवेतल्या ओलाव्याने आतून सडतो. बाहेरून कोरा करकरीत दिसतो आणि पहिल्या आठवड्यात भुगा होऊन गळतो. वाकवल्यावर बारीक भेगा दिसल्या की तो साठा घेऊ नये, मग तो कितीही मोठा असो.

बुटांवर इतका वेळ घालवला, कारण बाकी वस्तूंत चूक झाली तरी काही ना काही उपयोग होतो. न बसणाऱ्या बुटाचा शून्य. जादा जोड किती घ्यावेत? दर दहाला एक, आणि तेही मधल्या मापांत. टोकाच्या मापांतले जादा जोड परतच आणावे लागतात.

कपड्यांना वयाची खूण लावलेली असते, ती विसरून जावी. ती मापं चांगलं खाऊन-पिऊन वाढलेल्या मुलांवरून ठरवलेली असतात. अपुऱ्या आहाराच्या भागात आठ वर्षांच्या मुलाला सहाचा सदरा बसतो. उंची भिंतीवर खूण करून सेंटीमीटरमध्ये घ्यावी आणि कपडा उंचीवरून निवडावा. वापरलेले कपडे नेणार असाल तर धुऊन, वेगळे करून, गुंड्या आणि चेन तपासून न्या. २००४च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर रस्त्याच्या कडेला नको असलेल्या कपड्यांचे ढीग पडले होते. देणाऱ्यांची भावना खरी होती, निवड कुणी केली नव्हती. घरात चूल पेटत असेल तर कृत्रिम धाग्याची मऊ पांघरुणं लहान मुलांना देताना विचार करावा. ठिणगी पडली की ती वितळून कातडीला चिकटतात. जाड सुती किंवा लोकरी पांघरूण त्या मानाने बरं.

वह्या वाटायला सोप्या वाटतात, पण त्यांचं वजन कुणी धरत नाही. १७ बाय २४ सेंटीमीटरची, २०० पानी, ६० ग्रॅमच्या कागदाची वही हिशेबाने २४५ ग्रॅम भरते, पुठ्ठा धरून पाव किलोच्या वर. मुलामागे दहा वह्या म्हणजे अडीच किलो, साठ मुलांना दीडशे किलो. शेवटचे तीन किलोमीटर पायवाट असेल तर हे दीडशे किलो कुणाच्या डोक्यावर जाणार, ते आधी ठरवा. आणि एकाच प्रकारच्या वह्या घेऊन जाऊ नका. पहिली-दुसरीला चौकटी आणि दुरेघी लागते, इंग्रजीला चौरेघी, वरच्या वर्गांना एकरेघी, प्रयोगाला एका बाजूने कोरी. शिक्षकांकडून इयत्तावार आकडा लिहून घ्यावा. शंभर पानी जास्त, दोनशे पानी कमी, असं ठेवलं तर दप्तरही हलकं राहतं. लहान मुलाच्या पाठीवर त्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त ओझं नसावं, असं सर्वसाधारण धोरण आहे.

पेन्सिलींत स्वस्ताई महागात पडते. खालच्या प्रतीच्या पेन्सिलीचं शिसं लाकडात नीट चिकटलेलं नसतं. खोका एकदा आपटला की आत तुकडे होतात, आणि मूल टोक काढत राहतं, शिसं गळत राहतं. घेताना चार-पाच पेन्सिली उंचावरून फरशीवर टाकून मग टोक काढून बघा. टोकयंत्र नसेल तर दाढीच्या पात्याने टोक काढतात, बोटं कापतात. म्हणून दहा पेन्सिलींमागे दोन टोकयंत्रं. मेणाचे खडू बंद गाडीत उन्हात ठेवू नका. पन्नास अंशांच्या आसपास ते मऊ पडून एकमेकांत मिसळतात, आणि मग बारा रंगांचा एकच मातकट गोळा हातात येतो. स्केचपेन तर नेऊच नयेत, टोपण उघडं राहिलं की दुसऱ्या दिवशी कोरडी.

वाचायची पुस्तकं मुलांच्या घरच्या बोलीची किंवा निदान शाळेतल्या भाषेची हवीत. १९९०च्या दशकात केनियातल्या ग्रामीण शाळांत पाठ्यपुस्तकं वाटून त्यांचा परिणाम मोजला गेला. सरासरी गुण वाढले नाहीत. फायदा झाला तो आधीच हुशार असलेल्या मुलांना. पुस्तकं इंग्रजीत होती आणि इंग्रजी ही बहुतेक मुलांची तिसरी भाषा होती. तो अभ्यास करणाऱ्यांपैकी मायकल क्रेमर यांना पुढे २०१९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. शहरातल्या घरातली जुनी इंग्रजी पुस्तकं पोत्यात भरून देणाऱ्यांना आम्ही हेच सांगतो आणि नम्रपणे नाही म्हणतो.

दप्तराचं कापड शेवटी फाटतं, आधी चेन आणि पट्ट्याची शिवण जाते. नमुन्याचं एक दप्तर आणून त्यात चार किलो भरावं आणि एकाच पट्ट्याला धरून पन्नास वेळा हिसके द्यावेत. शिवण उसवली तर तो माल नको. पट्टा जिथे जोडला आहे तिथे चौकोनात फुलीची शिवण असली पाहिजे. चेनीला दोन रनर असावेत, एक बिघडला तर दुसऱ्यावर निभावतं. आतून अस्तर नसलेल्या दप्तरात कापडाचे सुटे धागे चेनीत अडकतात आणि मूल जोर लावून ती तोडतं.

पाण्याची बाटली रुंद तोंडाची हवी, हात किंवा निदान ब्रश आत जाईल अशी. अरुंद तोंडाच्या बाटलीत तळाशी हिरवा थर धरतो. चेंडू दिला तर हवा भरायचा पंप आणि सुया दोन. सुई हरवली की फुटबॉल दुसऱ्या महिन्यात नुसतं कातडं होतो.

अभ्यासाच्या सौरदिव्यांत एक गोष्ट सतत बिघडते: ते मुलांपर्यंत पोचतात तेव्हाच मेलेले असतात. लिथियमची बॅटरी सहा-आठ महिने चार्ज न करता गोदामात पडली की इतकी उतरते की पुन्हा चार्ज घेत नाही. माल हाती आला की प्रत्येक दिवा अर्धा चार्ज करून, बटण पूर्ण बंद करून ठेवावा, आणि निघण्याआधी एकेक लावून बघावा. पॅनलवर एखाद्या फांदीची सावली पडली तरी चार्जिंग खूप घटतं, हे मुलांना उन्हात उभं राहून दाखवावं लागतं. सांगून कळत नाही. बॅटरी बदलता येत नसेल असा दिवा घेऊ नये.

काही वस्तू नेऊच नयेत, मग देणारा कितीही आग्रह करो. दुधाची भुकटी आणि दुधाच्या बाटल्या: अस्वच्छ पाण्यात कालवलेली भुकटी तान्ह्या मुलाला जुलाब देते आणि आईचं दूधही आटतं. जागतिक आरोग्य संघटनेची १९८१ची संहिता अशा वाटपाच्या विरोधात आहे. घरातली उरलेली औषधं नेऊ नका. १९८८च्या आर्मेनियातल्या भूकंपानंतर औषधांचा एवढा साठा येऊन पडला की त्यात काय आहे हे बघायलाच ५० माणसांना सहा महिने लागले. जलसंजीवनीची पाकिटं द्यायचीच तर आरोग्य सेविकेच्या हाती, आणि सोबत एक लिटरची खूण असलेलं भांडं द्या. एक पाकीट एक लिटरला असतं. पेल्यात कालवलं तर मीठ फार होतं, हंड्यात कालवलं तर उपयोग होत नाही. बटनाच्या आकाराचे सेल असलेली खेळणी, चमकणारे बूट, गाणारी भेटकार्डं नकोत. तो सेल मुलाने गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते, आणि रुग्णालय दोन तासांवर नसतं.

वयात आलेल्या मुलींसाठी पॅड नेणारे बरेच जण निकर नेत नाहीत. निकरशिवाय पॅड वापरता येत नाही. सर्वांत आधी मापाच्या तीन निकर, मग पॅड. कापडी पॅड असतील तर गडद रंगाचे, सोबत साबण, आणि उन्हात पण चारचौघांच्या नजरेआड वाळवायला जागा आहे का, ते बाईमाणसांनी जाऊन विचारायचं. अंधारात कोंदट जागी वाळवलेलं कापड दमटच राहतं आणि त्यातून संसर्ग होतो. जुन्या सुती कापडापासून पॅड करण्याचं काम दिल्लीच्या 'गूंज' संस्थेने मोठ्या प्रमाणावर उभं केलं. हे पाकीट वर्गात सगळ्यांसमोर वाटायचं नाही, मुलींच्या दप्तरात आधीच घालून ठेवायचं.

भरणी वस्तूवार नव्हे, मुलावार करावी. प्रत्येकाचं दप्तर हाच त्याचा खोका. आत वह्या, पेन्सिली, कपडे, आणि पट्ट्याला नावाची चिठ्ठी. बूट मात्र वेगळे, मापवार, कारण ते घालून बघायचे असतात. पुठ्ठ्याचे खोके पावसात किंवा ओढ्यात भिजून फाटतात, गोणी बरी, आत प्लॅस्टिकचं अस्तर. एका गोणीचं वजन पंधरा किलोच्या वर नको. प्रत्येकीवर "१२पैकी ३" असा क्रमांक, आत यादी, आणि तीच यादी आपल्या खिशात. वाटेत एक गोणी राहिली तर रात्री कळण्यापेक्षा गाडी सोडताना कळलेलं बरं.

वाटप वर्गात करावं, इयत्तेने, बसलेल्या मुलांच्या जागेवर जाऊन. स्टेज, हार, भाषण, फलक, यात दोन तास जातात आणि मुलं उन्हात बसतात. हात पसरलेल्या मुलाचा फोटो काढू नये. पावती म्हणून वस्तूंचा फोटो आणि मुख्याध्यापकांची सही पुरते. बुटांसाठी एक बाक, एक सतरंजी, चार माणसं. एक मूल बसवतो, एक माप वाचतो, एक जोड काढतो, एक अदलाबदलीची पेटी सांभाळतो. दोन्ही बूट घालून मुलाला दहा पावलं चालायला लावायचं, उभ्यानेच पुढे अंगठा दाबून बघायचा. मूल "बसतो" म्हणतंच, कारण परत घेतील अशी भीती असते. म्हणून तोंडाकडे नको, चालीकडे बघावं. साठ मुलांना अडीच तास धरावेत. गैरहजर मुलांची दप्तरं बंद करून, चिठ्ठीसह, शिक्षक आणि एक पालक अशा दोघांच्या सहीने कपाटात.

निघताना वस्तीतल्या एका माणसाकडे दुरुस्तीचं सामान द्यावं: आरी, मेणाचा दोरा, सुया, बक्कलं वीस, चेनीचे रनर पंधरा, पंक्चरच्या चिकटद्रव्याच्या दोन ट्यूब. कुणाकडे द्यायचं ते पहिल्या खेपेलाच कळलेलं असतं. तारेने चप्पल कुणी बांधून दिली, एवढंच विचारायचं.

तीन महिन्यांनी न कळवता जायचं आणि परत तीच चपलांची रांग मोजायची. दिलेल्या साठांपैकी किती पायात आहेत? जे नाहीत, त्यातले काही धाकट्याच्या किंवा थोरल्याच्या पायात असतात, थोडे तुटलेले असतात, आणि बरेचसे घरात वर टांगलेले असतात. लग्नाला, जत्रेला घालायला. दोनदा घातलेले ते बूट वर्षभरात लहान होतात. याला रागावून काही होत नाही. आम्ही आता आयांना बोलावून, पाऊल काढलेला कागद दाखवून सांगतो की हा पाय पुढच्या वर्षी यात मावणार नाही, तेव्हा रोज घालू द्या, जुना झाला तरी चालेल. काहींना पटतं.

त्याच फेरीत दहा-बारा मुलांचे पाय त्यांच्या जुन्याच कागदावर, वेगळ्या रंगाच्या पेन्सिलीने, पुन्हा काढून घ्यायचे. दोन रेषांमधलं अंतर आणि दोन तारखा. पुढच्या वर्षीच्या मागणीत मोकळीक किती धरायची, ते त्यावरून ठरतं.